विद्यापीठासाठी लेझरवालं मास स्पेक्ट्रोमीटर घ्यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे आयनांचं, म्हणजे चार्ज असलेल्या अणूंचं किंवा रेणूंचं, वस्तुमान मोजणारं मशीन. इन्स्ट्रुमेंट रूम सांभाळणाऱ्याला त्याबद्दलचे हे प्रश्न कुणी ना कुणी विचारतच असतं, कधी कॉरिडॉरमध्ये, कधी प्रपोजलची शेवटची तारीख उद्यावर आली असताना. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रम जसा सुचला तसा आहे.

"लेझर मास स्पेक" म्हणजे एकच मशीन असतं ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. केमिस्ट्री-बायोलॉजीवाले हा शब्द वापरतात तेव्हा त्यांच्या डोक्यात मॅल्डी-टॉफ असतं, म्हणजे लेझरने अख्खे रेणू आयन करून उडवायचे आणि नळी पार करायला लागणाऱ्या वेळेवरून त्यांचं वस्तुमान काढायचं. जिऑलॉजीवाले तोच शब्द वापरतात तेव्हा त्यांना लेझर अ‍ॅब्लेशन आयसीपी-एमएस हवं असतं, म्हणजे १९३ किंवा २१३ नॅनोमीटरच्या लेझरने दगडावर बारीकसा खड्डा पाडायचा, उडालेली धूळ हेलियमबरोबर आर्गॉनच्या प्लाझ्मात न्यायची, तिथे सगळं तुटून सुटे आयन होतात आणि मग कुठलं मूलद्रव्य, कुठला आयसोटोप किती आहे ते मोजायचं. झिरकॉनच्या दाण्यातल्या युरेनियम आणि शिशावरून खडकाचं वय काढतात ते असंच. मॅल्डीत अख्खा रेणू शाबूत उचलायची धडपड असते, इथे त्याचा चुराडाच करायचा असतो. दोघांचं एकमेकांवाचून अडतही नाही आणि एकाचं मशीन दुसऱ्याला चालतही नाही, तेव्हा एकाच प्रपोजलवर दोन्ही डिपार्टमेंटच्या सह्या घ्यायच्या आधी कुणाला काय मोजायचंय ते विचारा.

खाली जे लिहिलंय ते बहुतेक मॅल्डी-टॉफबद्दल आहे. अ‍ॅब्लेशनवाल्यांना एकच गोष्ट इथे सांगतो: प्लाझ्मा मिनिटाला साधारण १५ ते २० लिटर आर्गॉन पितो, मोठ्या सिलिंडरमध्ये सात-आठ हजार लिटर वायू मावतो, म्हणजे एक सिलिंडर एका दिवसात साफ. द्रवरूप आर्गॉनची सोय होणार नसेल तर मशीनच्या आधी तो प्रश्न सोडवा.

कमिटीला समजेल अशा भाषेत हे चालतं कसं?

सॅम्पलमध्ये मॅट्रिक्स नावाचं एक छोटं सेंद्रिय आम्ल भरपूर, म्हणजे हजारो पटीने जास्त मिसळायचं. त्याचा एक मायक्रोलिटरचा थेंब स्टीलच्या प्लेटवर ठेवायचा, तो वाळला की स्फटिक होतात आणि सॅम्पलचे रेणू त्यात अडकून बसतात. प्लेट व्हॅक्यूममध्ये गेली की त्यावर अल्ट्राव्हायोलेट लेझरचा काही नॅनोसेकंदांचा पल्स मारायचा, मॅट्रिक्स ती ऊर्जा शोषून घेतं आणि उडतं, जाताना तुमचा प्रोटीन किंवा पेप्टाइड न तुटता बरोबर घेऊन जातं आणि बहुतेक वेळा त्याला एक प्रोटॉन चिकटवतं. मग २० किलोव्होल्टच्या आसपासच्या दाबाने सगळ्यांना नळीत ढकलायचं आणि टोकाला कोण कधी पोचतं ते मोजायचं. हलका आधी, जड नंतर. १००० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे वस्तुमानाचं एकक, साधारण एका हायड्रोजन अणूएवढं) आयन सेकंदाला ६२ किलोमीटरच्या वेगाने जातो, म्हणजे एक मीटर नळी १६ मायक्रोसेकंदांत पार, चौपट जड आयनाला त्याच्या दुप्पट वेळ. वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाशी बांधलेली आहे, बाकी सगळं इंजिनिअरिंग.

इतिहास कुणी विचारलाच तर मॅल्डी हे नाव आणि पद्धत फ्रान्झ हिलेनकँप आणि मिखाएल कारास यांनी १९८५ च्या सुमारास मांडली. शिमाद्झू कंपनीतले इंजिनिअर कोइची तानाका यांनी ग्लिसरॉलमध्ये कोबाल्टची अतिबारीक पूड मिसळून अख्खी प्रोटीन उडवून दाखवली आणि २००२ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आज सगळे वापरतात ती पद्धत मात्र कारास-हिलेनकँप यांच्या वळणाची, यावर तेव्हाही बरीच कुरकुर झाली होती.

आमच्याकडे एलसी-एमएस (द्रवातले घटक आधी वेगळे करून मग मोजणारं मास स्पेक) आहे. मग हे कशाला?

प्रामाणिक उत्तर असं की बऱ्याच वेळा नकोच असतं. मॅल्डीची ताकद कशात? आयनांवर बहुतेक एकच चार्ज, त्यामुळे स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वस्तुमानाचे किती आयन आले त्याचा आलेख, सरळ वाचता येतो. थोडंफार मीठ, बफर चालून जातं. एका सॅम्पलला मिनिटभर पुरतं. पॉलिमर, मोठी पेप्टाइड, अख्खी प्रोटीन, ग्लायकन, जीवाणूंच्या कॉलनी, टिश्यूचे काप, यांत ते मजेत चालतं.

कुठे अडतं? ५०० डाल्टनच्या खाली मॅट्रिक्सचेच पीक (स्पेक्ट्रममधली उंच टोकं) इतके असतात की तुमचा छोटा रेणू त्या गर्दीत हरवतो. आणि प्रमाण मोजायचं असेल, म्हणजे मिलीलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम वगैरे, तर डोकेदुखी आहे. वाळलेल्या थेंबात स्फटिक सगळीकडे सारखे नसतात, लेझर एका जागी मारला की भरघोस सिग्नल, केसभर सरकवला की काहीच नाही. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक मात्रेचा ओळखीचा रेणू, घालून जमतं, पण ज्यांचं रोजचं काम औषधाच्या मात्रा मोजायचं आहे त्यांनी एलसी-एमएसवरच पैसे घालावेत.

म्हणून मी प्रत्येकाला आधी एकच काम लावतो. पुढच्या तीन वर्षांत जे सॅम्पल खरोखर येणार आहेत त्यांची यादी करा, कुणाचे, कसल्या द्रावणात, किती वस्तुमानाचे, महिन्याला किती. यादी करता करताच निम्म्या लोकांना कळतं की आपल्याला हे मशीन नकोय, किंवा हवंय पण कोटेशन मागवलंय ते मॉडेल नकोय.

लिनियर, रिफ्लेक्ट्रॉन, टॉफ-टॉफ यातलं काय घ्यायचं?

लिनियर म्हणजे सरळ नळी, मोठ्या प्रोटीनसाठी आणि जीवाणू ओळखायला पुरेशी. रिफ्लेक्ट्रॉन म्हणजे टोकाला विद्युत आरसा, आयन वळून परत येतात आणि एकाच वस्तुमानाच्या आयनांच्या वेगातला थोडाफार फरक त्यात भरून निघतो, म्हणून पीक धारदार. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर एसीटीएच या हार्मोनचा १८ ते ३९ हा तुकडा घ्या, त्याचा पीक २४६५.२ ला येतो. रिफ्लेक्ट्रॉनवर एकेका डाल्टनच्या अंतराने आयसोटोपच्या काड्या सुट्या दिसतात, साध्या लिनियरवर तिथे एक गुळगुळीत टेकाड दिसतं.

टॉफ-टॉफ म्हणजे दोन टप्प्यांचं मशीन, मधे आयनाचे तुकडे करून तेही मोजणारं. ते हवंय का हे एका प्रश्नावर ठरतं: पेप्टाइडचा सीक्वेन्स, किंवा रेणूचे तुकडे करून रचना काढायची आहे का? हो असेल तर घ्या, नंतर बसवून घेऊ म्हणाल तर बहुतेक मॉडेलांत नंतर बसत नाही. नुसतं "असलेलं बरं" म्हणून घेणार असाल तर ते पैसे सर्व्हिस काँट्रॅक्टला ठेवा.

नायट्रोजन लेझर चालेल की सॉलिड-स्टेटच हवा?

नायट्रोजन लेझर ३३७ नॅनोमीटरचा, साधा, स्वस्त, पण सेकंदाला काही दहा शॉट आणि आयुष्य काही कोटी शॉटचं. सॉलिड-स्टेट ३५५ नॅनोमीटरचा, सेकंदाला शेकडो ते हजारो शॉट, आयुष्य कितीतरी जास्त. सुरुवातीला सॉलिड-स्टेटचा किरण फारच एकसारखा असल्यामुळे मॅल्डीला तो मानवत नव्हता, मग कंपन्यांनी किरणाचा आकार मुद्दाम बदलून तो प्रश्न सोडवला.

दिवसाला वीस-पंचवीस स्पॉट मारणाऱ्या टीचिंग लॅबला नायट्रोजन लेझरवालं जुनं मशीनही पुरतं. इमेजिंगचा, म्हणजे टिश्यूच्या कापावर ठिकठिकाणी लेझर मारून कुठला रेणू कुठे आहे त्याचं चित्र काढायचा, विचार असेल तर मात्र हिशोब मांडून बघा. एक सेंटिमीटर लांब-रुंद टिश्यू, १० मायक्रॉनचा पिक्सेल, म्हणजे १० लाख पिक्सेल. प्रत्येकी २०० शॉट धरले तर २० कोटी शॉट. सेकंदाला ६० शॉटने हे काम सव्वा महिना चालेल आणि मधेच लेझर मरेल. सेकंदाला २००० शॉटने तेच साधारण २८ तासांत होतं. पिक्सेल ५० मायक्रॉनचा केला तर अख्खा कापच ४० हजार पिक्सेलचा, म्हणजे पंचवीसपट कमी काम. म्हणून इमेजिंगवाल्यांना पहिला प्रश्न हाच की तुम्हाला खरंच किती बारीक बघायचंय.

इमेजिंगसाठी अजून काय लागतं?

क्रायोस्टॅट (गोठवलेल्या टिश्यूचे काप करायचं यंत्र), १० मायक्रॉनच्या आसपास जाडीचे काप करणारा सरावलेला हात, विजेला वाहक अशा काचेच्या स्लाइड, मॅट्रिक्स एकसारखं फवारणारा स्प्रेअर, आणि मोठमोठ्या फाइली साठवायला व उघडायला तगडा कॉम्प्युटर. स्प्रेअर कोटेशनमध्ये "ऑप्शनल" म्हणून खाली कुठेतरी लिहिलेला असतो, पण तो ऑप्शनल नसतो.

मायक्रोबायोलॉजीवाले म्हणतात जीवाणू मिनिटात ओळखता येतात. खरंय का?

खरंय. कॉलनीचा कण प्लेटवर लावायचा, वरून मॅट्रिक्स, आणि २००० ते २०,००० डाल्टनमधला पीकांचा नमुना लायब्ररीशी, म्हणजे आधीच ओळखलेल्या जीवाणूंच्या अशा नमुन्यांच्या संग्रहाशी, जुळवायचा, त्यातले बरेचसे पीक रायबोसोमच्या प्रोटीनचे असतात. पण उत्तर लायब्ररीत जेवढं आहे तेवढंच मिळतं. मातीतून, समुद्रातून काढलेले विचित्र जीवाणू असतील तर "ओळख पटली नाही" हेच जास्त वेळा वाचायला मिळेल आणि स्वतःची लायब्ररी बांधावी लागेल. ई. कोलाय आणि शिगेला या जीवाणूंना तर हे मशीन नेहमीच्या पद्धतीने वेगळं करू शकत नाही, इतके ते जवळचे. लायब्ररीचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं का, अपडेट किती वर्षं फुकट, आणि ते रिसर्चपुरतं आहे की रुग्णाच्या रिपोर्टलाही चालतं, हे तिन्ही लेखी घ्या. आणि रोगजंतू असतील तर ते आधी नीट मारून मगच मशीनच्या खोलीत आणायचे, याला अपवाद नाही.

डेमो कसा मागायचा?

कंपनीचा डेमो बघून भारावून जाऊ नका, त्यांचा स्टँडर्ड त्यांच्याच मशीनवर छानच दिसणार. तुमच्या यादीतले सॅम्पल पाठवा, त्यात एक सोपा, एक रोजचा, आणि एक असा की जो तुमच्याच लॅबमध्ये सगळ्यांना छळतो, मिठाने भरलेला, कमी प्रमाणातला. एका सॅम्पलचं नाव मुद्दाम सांगू नका. निकाल सुंदर पीडीएफमध्ये येईल, तो बाजूला ठेवा आणि मूळ डेटा फाइल मागा, किती शॉट जमा केले, लेझरची पॉवर किती, बेसलाइन किती घासूनपुसून काढली ते त्यातच कळतं. शक्य असेल तर स्वतः जा आणि थेंब स्वतः लावा.

स्पेसिफिकेशन शीटमध्ये नक्की काय बघायचं?

रिझोल्यूशनचा (जवळजवळचे पीक किती सुटे दिसतात त्याचा) आकडा कुठल्या वस्तुमानाला आणि कुठल्या मोडमध्ये, ते नसेल तर तो आकडा नुसता छापलेला आहे असं समजा. अचूकतेच्या पीपीएमसमोर (दहा लाखांत किती भागांची चूक) इंटर्नल कॅलिब्रेशन, म्हणजे ओळखीचा स्टँडर्ड सॅम्पलमध्येच मिसळून केलेलं, की एक्स्टर्नल, म्हणजे स्टँडर्ड वेगळ्या स्पॉटवर ठेवून केलेलं, ते बघा, इंटर्नलवर आकडा नेहमीच देखणा येतो. सेन्सिटिव्हिटी अ‍ॅटोमोलमध्ये लिहिलेली असते, म्हणजे अगदी सूक्ष्म मात्रा, पण ती शुद्ध पेप्टाइडची, खास प्लेटवर. तुमच्या सॅम्पलवर त्याची आशा धरू नका. वस्तुमानाची कमाल मर्यादा लाखांत दिलेली असते, ती तर मी वाचतही नाही, डिटेक्टरला जड आणि मंद आयन नीट दिसतच नाहीत.

खोली कशी हवी?

टेबलावर बसणारी मॉडेल आहेत आणि माणसाहून उंच उभी मॉडेलही आहेत, तेव्हा आधी दाराची रुंदी, लिफ्टची क्षमता आणि छताची उंची मोजा. हसू नका, मशीन पॅकिंगमध्ये कॉरिडॉरमध्ये उभं आणि दाराची चौकट काढायला सुतार शोधतायत असं चित्र दुर्मिळ नाही.

दुसरं तापमान. एसी हवाच, आणि तो रात्रीही चालू हवा. स्टील एका अंशाला लांबीत साधारण १७ पीपीएमने वाढतं, म्हणजे नळी स्टीलची असेल तर खोली एका अंशाने तापली की वस्तुमान ३५ पीपीएमच्या आसपास सरकतं, लांबीच्या दुप्पट, कारण वस्तुमान वेळेच्या वर्गाशी बांधलंय. सकाळी कॅलिब्रेट केलेलं दुपारी का जुळत नाही याचं उत्तर बऱ्याच वेळा एसीच्या रिमोटमध्ये सापडतं.

वीज गेली तर टर्बो पंप थांबतो, व्हॅक्यूम जातो, परत नीट यायला तासन्‌तास लागतात, म्हणून यूपीएस पंपासकट सगळ्याला पुरेल एवढा घ्या, फक्त कॉम्प्युटरपुरता नको. रोटरी पंप असेल तर त्याची वाफ बाहेर सोडायला पाइप, आणि त्याच्या आवाजासाठी वेगळा कोपरा. मॅट्रिक्स बनवायला अ‍ॅसिटोनायट्राइल आणि टीएफए हे आम्ल लागतं, त्याला फ्युम हूड, तोही जवळ.

लेझरने डोळ्यांना धोका आहे का? विद्यार्थी वापरणार आहेत.

झाकण बंद असताना मशीन क्लास १, म्हणजे वापरणाऱ्याला धोका नाही. आतला लेझर मात्र वरच्या क्लासचा असतो आणि तो दिसतही नाही. झाकण उघडलं की इंटरलॉक लेझर बंद करतो, तो इंटरलॉक चुकवून आत डोकावायचा अधिकार फक्त सर्व्हिस इंजिनिअरला. रोजच्या वापरात काळजी घ्यायची ती हाय व्होल्टेजची आणि सॉल्व्हंटची.

मशीनच्या किमतीशिवाय खर्च काय?

सर्व्हिस काँट्रॅक्टला वर्षाला मशीनच्या किमतीच्या साधारण दहा टक्के धरून ठेवा. वॉरंटी संपल्यावर हा पैसा कुठून येणार हे प्रपोजलमध्ये कुणी लिहीत नाही आणि मग चौथ्या वर्षी चांगलं मशीन धूळ खात पडतं. घासाघीस करायची तर किमतीवर करण्यापेक्षा वॉरंटीच्या वर्षांवर करा, ऑर्डर निघण्याआधी कंपनी जेवढी ऐकते तेवढी नंतर ऐकत नाही. लेझर, डिटेक्टर आणि टर्बो पंप काँट्रॅक्टमध्ये धरलेत की "कन्झ्युमेबल" म्हणून वगळलेत, ते बारीक अक्षरांत असतं.

मॅट्रिक्स, सॉल्व्हंट, कॅलिब्रेशन मिक्स, पिपेट टिप हे सगळं मिळून फार नाही. प्लेट मात्र दोन-तीन जास्त घ्या, एक कायम धुवायला गेलेली असते.

रिफर्बिश्ड मशीन घ्यावं का?

शिकवण्यासाठी असेल तर जरूर विचार करा. बघायचं ते असं: त्या मॉडेलचे पार्ट अजून मिळतात का, कंपनी सर्व्हिस देते का, लेझरचे किती शॉट झालेत, डिटेक्टरचं व्होल्टेज वाढवत वाढवत कुठवर आणलंय, आणि सॉफ्टवेअर कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. शेवटचं सगळ्यात जास्त छळतं, कारण लायसन्सचा डोंगल जुन्या पीसीला बांधलेला असतो आणि तो पीसी नेटवर्कला जोडायला आयटीवाले नाही म्हणतात.

प्रॅक्टिकलला काय ठेवता येईल?

हे मशीन शिकवायला फार छान आहे, थेंब ठेवल्यापासून पंधरा मिनिटांत पीक समोर. पहिल्या दिवशी अँजिओटेन्सिन-२ चा १०४६.५ आणि गाईच्या इन्सुलिनचा ५७३४ च्या आसपासचा पीक, मुलांनी स्वतः कॅलिब्रेट करायचं. मग पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ४४ डाल्टनच्या अंतराने कंगव्यासारखे पीक, त्यावरून टोकाचे गट काढायचे. मग मीठ घातलेला पेप्टाइड द्या आणि विचारा की शेजारी २२ जास्तीचा पीक कुठून आला, सोडियम हे उत्तर वर्गातून आपणहून आलं पाहिजे.

पुढच्या टप्प्यात गाईचं सीरम अल्ब्युमिन हे प्रोटीन ट्रिप्सिन या एन्झाइमने कापायचं. ९२७.५ आणि १४७९.८ हे पीक दिसले की मुलं खूश, मग ८४२.५ चा पीक अल्ब्युमिनच्या यादीत सापडत नाही म्हणून अडतात, तो ट्रिप्सिनने स्वतःलाच कापल्याचा. उरलेल्या अनोळखी पीकांत बरेचदा केराटिन निघतं, म्हणजे कुणाच्या तरी हाताची कातडी नाहीतर केस. ग्लोव्ह घाला हे शंभरदा सांगून जे होत नाही ते या एका स्पेक्ट्रमने होतं.

विद्यार्थ्यांना हात लावू द्यायचा नसेल तर प्रपोजलमध्ये "टीचिंग" हा शब्द लिहू नका. काचेपलीकडून बघायला व्हिडिओही पुरतो.

वेगळा ऑपरेटर लागतो का?

लागतो. पीएचडीच्या मुलांवर सोडलं की ज्याला सगळं येतं तो डिग्री घेऊन जातो आणि त्याच्याबरोबर ज्ञानही. कायमचा माणूस मिळत नसेल तर निदान दोघांना कंपनीचं पूर्ण ट्रेनिंग द्या, आणि दुसऱ्या वर्षी परत एकदा ट्रेनिंग मिळेल असं ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

डेटाचं काय?

कंपनीच्या फॉरमॅटबरोबर एमझेड-एमएल, इमेजिंगला आयएमझेड-एमएल या खुल्या फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट होतं का ते बघा. विद्यार्थ्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर डेटा उघडता आला नाही तर मशीनच्या पीसीसमोर रांग लागते आणि मशीन रिकामं बसतं.

मशीन आल्यावर सही करण्याआधी काय तपासायचं?

इंजिनिअर त्याचे स्टँडर्ड चालवून दाखवेल, ते ठीकच. त्यानंतर डेमोला पाठवलेलेच सॅम्पल परत चालवा आणि दोन्ही स्पेक्ट्रम शेजारी ठेवा. हे ऑर्डरमध्ये आधी लिहिलेलं असेल तरच इंजिनिअर थांबतो, नाहीतर त्याची संध्याकाळची गाडी असते. एक स्पॉट सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मारून पीक किती सरकतो ते नोंदवा. लेझरचा शॉट काउंटर, डिटेक्टरचं व्होल्टेज, व्हॅक्यूमचे आकडे, सगळ्याचे फोटो काढून तारखेसकट ठेवा. दोन वर्षांनी सिग्नल पडला आणि "पहिल्यापासून असंच होतं" असं कुणी म्हणालं की हेच फोटो काढून दाखवायचे.